मास्तरांची सीट

आमचे हे ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. एकच गाडी, एकच शिक्षक, आणि तोच मालक. सव्वीस वर्षांत त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. उरलेल्या अर्ध्या गावाला ते सिग्नलपाशी खिडकीतून डोकं बाहेर काढून शिकवतात, फुकट. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही पाठीमागे मास्तरच म्हणते. समोर अर्थातच 'अहो'.

साथ आली आणि सगळं बंद झालं, तेव्हा पहिले चार दिवस मास्तर फार शहाण्यासारखे वागले. गाडी दोनदा धुतली. माळ्यावरचं सामान खाली काढलं आणि तसंच वर ठेवलं. पाचव्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते, तर हे हळूच येऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि शांत आवाजात म्हणाले, "सोड. हळूहळू सोड. एकदम नको."

मी गॅस बारीक करत होते.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि या तिन्हींना जोडणारा एक अरुंद बोळ. त्यात आम्ही चार माणसं. मास्तर, मी, कॉलेजात जाणारी आमची लेक बबडी, आणि माझे सासरे, आप्पा. आप्पांनी सगळी हयात छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवली. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण अजून ते पेन्सिल घेऊनच वर्तमानपत्र वाचतात आणि चुकलेल्या वेलांट्या दुरुस्त करतात. वर्तमानपत्र येणं बंद झालं, तेव्हा त्यांनी पलंगाखालची जुनी रद्दी काढली. "तुम्ही आधी बघितलेत की हे अंक," मी म्हटलं. तर म्हणाले, "तेव्हा घाईत बघितले होते."

मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींचा फोन घेते. ऑफिसने तो फोन आता घरी जोडून दिला होता. लोक दिवसभर घरातच असल्यामुळे त्यांचं नळाकडे फारच लक्ष असायचं. पूर्वी दिवसाला चाळीस तक्रारी येत, आता शंभराच्या वर. मी खिडकीशी टेबल लावून बसायचे आणि मास्तर शेजारच्या खुर्चीवर. त्यांना दुसरीकडे बसताच येईना. सव्वीस वर्षं हा माणूस दिवसाचे नऊ तास कुणाच्या ना कुणाच्या तरी शेजारी बसला होता.

बरं, नुसतं बसावं ना. मी फोनवर जरा घाईने बोलले, की टेबलाखाली त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. एकदा एक गृहस्थ मला वाटेल ते बोलत होते आणि माझाही आवाज चढला. तेव्हा मास्तरांनी दोन्ही पाय दाबले आणि माझ्या हातातला रिसिव्हर हलकेच आपल्याकडे वळवला.

"अहो, ही गाडी नाहीये," फोन ठेवल्यावर मी म्हटलं.

"मी कुठं काय म्हणालो?"

"पाय बोलत होते तुमचे."

दुसऱ्या आठवड्यात बोळातले नियम आले. स्वयंपाकघराकडून येणाऱ्याने आधी थांबायचं. हातात गरम भांडं असेल, तर त्याला पहिला मान. कपड्यांची बादली घेऊन मागे यायचं झालं, तर आधी दोन्हीकडे बघायचं. बबडीने हे सगळं ऐकून घेतलं आणि तेव्हापासून बोळात शिरताना ती तोंडाने हॉर्न वाजवायला लागली. आप्पांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांना हॉर्नचा उपयोग नव्हता. ते आपले बोळाच्या मधोमध, त्यांच्या चालीने चालत राहायचे आणि मागे आम्ही तिघं रांगेत.

मास्तरांना हसणं सोपं होतं. पण त्यांची अडचणही मला दिसत होती. घर माझ्या पगारावर चालत होतं. त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. पण रोज संध्याकाळी खाली जाऊन गाडीवरची धूळ पुसून यायचे. म्हणून मीही बोळातले नियम पाळत होते, निदान ते बघत असताना.

पाचव्या आठवड्यात मी आणि आप्पा बोळाच्या वळणावर एकमेकांवर आदळलो. माझ्या हातातला चहा भिंतीवर गेला. कुणाला भाजलं नाही. पण मास्तरांना हेच हवं होतं. त्यांनी गाडीच्या डिकीतून एक गोल, फुगीर आरसा काढला. आंधळ्या वळणावर लावतात तसला. तो बोळाच्या कोपऱ्यात वर, छताजवळ लावायचा असं त्यांनी ठरवलं. स्टूल आणलं, हातोडी आणली. बबडीला स्टूल धरायला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, दोन मिनिटं, लेक्चर संपतंय." मास्तरांच्या विद्यार्थ्यांना दोन मिनिटं थांबायची परवानगी असते, मास्तरांना नसते. ते एकटेच स्टुलावर चढले.

आरसा वाचला. मास्तर पडले.

उजव्या पायाचा घोटा लिंबाएवढा सुजला. गल्लीतल्या डॉक्टरांनी दारातूनच बघितलं आणि घट्ट पट्टी बांधायला लावून महिनाभर त्या पायावर भार द्यायचा नाही म्हणून सांगितलं. "गाडी?" मास्तरांनी विचारलं. डॉक्टरांनी मास्कच्या वरून त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

आता गाडीचा प्रश्न आला. नुसती उभी राहिली तर तिची बॅटरी उतरणार. एक दिवसाआड तिला सुरू करून अंगणात जरा पुढंमागं करायला हवं होतं. बबडीला गाडी येत नाही, कारण ती वडिलांकडून शिकायला तयार नाही. आप्पांना सायकल येते. उरले मी.

इथं मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. आमचं नवीन लग्न झालं तेव्हा मास्तरांनी मला गाडी शिकवायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी मागच्या सीटवर आणखी दोन विद्यार्थी होते. मी चौकात गाडी बंद पाडली. तेव्हा मास्तर मागं वळून त्या दोघांना म्हणाले, "घाबरू नका, सगळे इतके वाईट नसतात." मी दार उघडलं, खाली उतरले आणि चालत घरी आले. दुसऱ्या आठवड्यात गावातल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि पहिल्या फटक्यात लायसन्स काढलं. तो विषय आमच्या घरात निघत नाही. लायसन्स कपाटात राहिलं. मुदत संपली की मी ते न चुकता पुन्हा करून आणायचे, पण चालवायला घरात गाडी एकच आणि तिच्यात शेजारी हे. म्हणून मी सव्वीस वर्षं बसने फिरले.

तर मी किल्ली घेऊन खाली उतरले. मास्तर दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, पाय स्टुलावर ठेवून बसले.

"न्यूट्रल बघ," वरून आवाज आला.

सगळी इमारत आपापल्या गॅलरीत आली. लोकांनाही पाच आठवड्यांत काही बघायला मिळालं नव्हतं. मी गाडी सुरू केली. ती एक उडी मारून बंद पडली. तिसऱ्या मजल्यावरचे शिंपीकाका, जे तेव्हा पडद्यांच्या कापडाचे मास्क शिवून सगळ्यांना वाटत होते, वरून म्हणाले, "वहिनी, मास्तरांकडे लक्ष देऊ नका. मलाही त्यांनीच शिकवली. मी अजून चालतच जातो."

मास्तर तोंड पाडून गप्प बसले. मला त्या शांततेत क्लच सापडला.

मग एक दिवसाआड तो आमचा कार्यक्रमच झाला. पंधरा पावलं पुढे, पंधरा पावलं मागे, पाण्याच्या टाकीला वळसा. तिसऱ्या आठवड्यात मी तो वळसा न थांबता घ्यायला लागले. मास्तर वरून "हं" म्हणाले. त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारा, तो 'हं' मिळवायला किती महिने लागतात ते.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी आप्पा उठले ते डावा डोळा हाताने झाकून. डोळा लाल झाला होता आणि त्यांना उलटीसारखं होत होतं. "दिव्याभोवती रंगांची कडी दिसतायत," ते म्हणाले. आप्पांच्या डोळ्यांतला दाब वाढतो. त्यासाठी ते वर्षानुवर्षं रात्री थेंब घालतात. मी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आजच आणा. दुपारपर्यंत आणा. उद्यावर ढकलू नका."

ॲम्ब्युलन्सचा फोन लागेना. शेवटी लागला तेव्हा तिथली मुलगी कळवळून म्हणाली, की गाड्या सगळ्या साथीच्या पेशंटकडे आहेत, संध्याकाळशिवाय काही सांगता येणार नाही. मी रोज फोनच्या त्या टोकाला असते. ती खोटं बोलत नव्हती, हे मला आवाजावरून कळलं. बबडीने तोपर्यंत फोनवर पास काढला. पेशंट आणि सोबत एक माणूस. तिसऱ्याला परवानगी नाही.

मास्तर पलंगावरून उठले, उजवा पाय टेकवला आणि परत बसले. चेहरा पांढरा झाला होता.

"मी नेते," मी म्हटलं.

मास्तरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता आरसे, गिअर, चौक सगळं येणार. पण ते म्हणाले, "पुलावर चढताना ती जरा मागे सरते. घाबरू नकोस. सरू दे थोडी." आणि मग आप्पांच्या कानाशी जाऊन मोठ्याने, "आप्पा, पुढं बसा, पण पाय मागे घेऊन. तिथं ब्रेक आणि क्लच आहेत. त्यांना पाय लावायचा नाही."

शिकवायच्या गाडीत ते असतंच. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच. आप्पांनी मान हलवली. मी फोन पर्समध्ये टाकला, त्याचा आवाज बंद केला आणि निघाले.

रस्त्यावर कुणी नव्हतं. दुकानं बंद, सिग्नल आपला एकटाच लाल-हिरवा होत होता. मी लाल दिव्याला थांबले. मागे पुढे कुणी नसताना थांबले, हे पुढं मास्तरांना सांगितलं तेव्हा ते दोन घास जास्त जेवले. गाडी मोठ्या चौकात एकदा बंद पडली, पण तिथं ऐकायला कुणी नव्हतं. आप्पा एक डोळा झाकून ताठ बसले होते.

"आप्पा, थेंब रोज घालत होतात ना?"

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. चौक मागे पडल्यावर ते म्हणाले, "एक दिवसाआड."

"का?"

"बाटली संपत आली होती. औषधाच्या दुकानासमोर एवढी रांग. त्याचा पाय असा. तुझा फोन दिवसभर. म्हटलं, पुरवून वापरू."

 मी गिअर जरा जोरात टाकला.

पुलाच्या तोंडाशी पोलिसांनी अडथळे लावले होते. एक हवालदार पुढं आला. त्याने आधी गाडीच्या टपावरची ड्रायव्हिंग स्कूलची पाटी वाचली, मग काचेवरची 'शिकाऊ' अशी लाल अक्षरं, मग मला बघितलं, आणि मग आप्पांना.

"क्लास बंद आहेत, माहीत नाही का तुम्हाला?" तो आप्पांना म्हणाला. "या वयात तरी घरी बसायचं, मास्तर."

आप्पांनी कानाला हात लावला. "काय म्हणतो?"

"तुम्ही मास्तर आहात का, विचारतायत," मी ओरडून सांगितलं.

"नाही, नाही," आप्पा म्हणाले. "मी मास्तरांचा बाप."

हवालदाराला ते उत्तर उर्मटपणाचं वाटलं असणार. त्याने मला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. मी आवाज अजिबात चढू दिला नाही. ज्याच्या नळाला तीन दिवस पाणी नाही त्याच्याशी बोलते तशी बोलले. आधी त्याचं म्हणणं बरोबर आहे म्हटलं, मग आप्पांचा डोळा दाखवला, पास दाखवला, शेवटी लायसन्स दिलं. त्याने लायसन्सवरचा फोटो बघितला आणि मास्क खाली करायला सांगितला. मग पुन्हा फोटो बघितला.

"जुना आहे," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही जा," तो म्हणाला. आवाज आता मऊ झाला होता. "पण पूल बंद केलाय. मागं घ्या आणि नदीकाठच्या रस्त्याने जा."

मागं घ्या. मागे दोन्ही बाजूंना अडथळे, एक पाण्याचा पिंप आणि सावलीत बसलेले पाच पोलीस. त्यातले दोघं मदतीला उठले. एकाने हात उजवीकडे हलवला, दुसऱ्याने डावीकडे. मी दोघांचंही ऐकायचं नाही असं ठरवलं आणि अंगणातल्या टाकीला घालते तसा वळसा घालायला लागले. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात गाडी गपकन थांबली. माझा पाय अजून ब्रेकवर गेलाही नव्हता. आरशात बघितलं तर पिंप मागच्या काचेला टेकायच्या बेतात होता.

मी आप्पांकडे बघितलं. त्यांचा पाय ब्रेकवर होता.

"पाय लावू नका म्हणाले होते ना ते तुम्हाला?"

"त्याचं मी आजवर कधी ऐकलंय," आप्पा म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्याचा दाब मोजला आणि दुसऱ्यांदा मोजला. मग त्यांना आत झोपवून हाताच्या शिरेतून औषध दिलं, थेंब घातले, तास-दीड तासाने परत मोजला. बाहेर एक सोडून एक खुर्ची टेप लावून बंद केली होती. मी तिथं बसून राहिले. मला एकाएकी हुंदका आला, आणि मास्क ओला होतो म्हणून आवरला. मग डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "उतरतोय दाब. डोळा वाचला. संध्याकाळ झाली असती तर मी हे सांगू शकले नसते." थेंबांच्या तीन बाटल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या आणि आप्पांना लहान मुलासारखं रागावल्या. आप्पांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. तेवढं त्यांना नीट ऐकू आलं.

निघताना दुपारचे तीन वाजले होते. सरळ घरी यायचं तर वीस मिनिटं.

"घाई आहे का तुला?" आप्पांनी विचारलं.

"तशी नाही."

"मग जरा फिरव."

मी फिरवली. नदीकाठाने, जुन्या बाजारातून, माझ्या ऑफिसवरून, त्यांच्या बंद पडलेल्या छापखान्यावरून. तिसऱ्या गिअरला गाडी अशी छान गुणगुणत होती. आप्पांच्या एका डोळ्यावर पट्टी, आणि दुसऱ्याने ते रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. "'दुरुस्ती'तला रु ऱ्हस्व हवा," ते सांगायचे. "मिठाईवाल्याने तर अनुस्वारच खाल्लाय." दोन महिन्यांत त्यांना ताजा मजकूर मिळाला नव्हता. छापखान्यापाशी मी गाडी थांबवली. ते खिडकीतून बघत राहिले, मग म्हणाले, "चल."

पर्समध्ये फोन होता, हे मला घराच्या वळणावर आठवलं. एकोणतीस फोन. सगळे मास्तरांचे, मधला एक शिंपीकाकांचा.

अंगणात शिरले तर मास्तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेले. दोन मजले ते बसत बसत, एकेक पायरी खाली आले होते. पँट मागून धुळीने माखली होती. बबडी शेजारी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती आणि तिच्या तोंडावर वडिलांना बघून हसू की रडू असं झालेलं.

मी गाडी टाकीशेजारी लावली. आप्पा उतरले. "डोळा वाचला," ते म्हणाले आणि जिना चढायला लागले, मधोमध, त्यांच्या चालीने.

मास्तर माझ्याकडे बघत होते.  मग ते म्हणाले, "जेवलीस का तू?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही?"

"आम्ही पण नाही."

बबडीने आम्हा सगळ्यांना उकडलेले बटाटे वाढले. त्यांत मीठ नव्हतं. तरी सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले.

दाब बघायला दर गुरुवारी जावं लागणार होतं. पुढचे चार गुरुवार मीच नेलं. पाचव्या गुरुवारपर्यंत निर्बंध सैल झाले होते, गाडीत तिघांना परवानगी मिळाली होती, आणि मास्तरांचा पायही जमिनीला टेकायला लागला होता. ते मोठ्या ऐटीत खाली उतरले आणि पुढचं दार उघडलं. आत आप्पा बसलेले.

"आप्पा, मागं बसा. ही माझी सीट आहे."

आप्पांनी कानाला हात लावला. "काय म्हणतो?"

"जाऊ दे," मी म्हटलं. "मागं बसा तुम्ही, अहो."

मास्तर मागे बसले. सव्वीस वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच. आरशात मला ते दिसत होते. गुडघे वर आलेले, हात कुठं ठेवावे हे न कळून मांडीवर ठेवलेले. पहिल्या वळणावर त्यांनी श्वास रोखला. दुसऱ्यावर "हं" म्हणाले. नदीकाठच्या रस्त्याला लागलो तेव्हा मागून काहीच आवाज येईना. मी आरशात बघितलं. मास्तरांची मान काचेला टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं. ते गाढ झोपले होते.

आप्पांनीही मागं वळून बघितलं.

"जरा हळू घे," ते म्हणाले. "खड्डा आहे पुढं. उठेल तो."